चुकलेल्या क्लासची फी परत कशी मागायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये क्लास लावायचा आणि दिवाळीच्या आत सोडायचा, हा आपल्याकडचा दरवर्षीचा शिरस्ता. त्यामुळे फीच्या परताव्याचे प्रश्नही दरवर्षी तेच येतात. स्पर्धा परीक्षा, नीट-जेईई, कॉम्प्युटर कोर्स, इंग्रजी संभाषण, ड्रायव्हिंग, ऑनलाइन प्रशिक्षण अशा सगळ्यांचे प्रश्न खाली आहेत. कॉलेजच्या पदवी प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, त्यासाठी थेट प्रश्न १७ पाहा.

१. फी भरली, पण एकाही दिवशी गेलो नाही. पैसे परत मागता येतात का?

मागता येतात. एकही तास न घेतलेल्या माणसाची बाजू सहसा भक्कम असते, कारण क्लासने त्याला काहीच दिलेले नसते. मात्र "गेलो नाही" एवढ्याने भागत नाही. "येणार नाही" हे कधी कळवले, यावर सगळे अवलंबून आहे. बॅच सुरू व्हायच्या आधी लेखी कळवले असेल तर ती जागा दुसऱ्याला देता येते. मग नोंदणीचा खर्च किंवा घेतलेल्या पुस्तकांची किंमत वगळता बाकी रक्कम अडवून ठेवायला कारण उरत नाही. उलट सहा महिन्यांची बॅच संपल्यावर आठवण झाली आणि मग अर्ज केला, तर क्लास म्हणणार की शिक्षक होते, वर्ग होता, तुम्हीच आला नाहीत. या म्हणण्यात तथ्य असते, आणि ग्राहक आयोगही ते ऐकून घेतो.

म्हणून कारण कोणतेही असो, ज्या दिवशी जायचे नाही असे ठरेल त्याच दिवशी ई-मेल करा. मजकूर प्रश्न ४ मध्ये आहे.

२. पावतीवर "एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही" असे छापले आहे. मग विषय संपला का?

नाही. हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पावतीवर असते आणि त्याच्या धाकानेच निम्मे लोक अर्ज करत नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध दाद मागता येते. छापील अट त्या हक्काच्या आड येत नाही. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे गैर आहे, ही भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००९ मध्ये सेहगल स्कूल ऑफ कॉम्पिटिशनच्या प्रकरणात घेतली होती. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इस्लामिक अकॅडमी निकालात कॉलेजांना बजावले होते की एका वेळी एका वर्षाची किंवा एका सत्राचीच फी घ्यावी. ते तत्त्व पुढे ग्राहक आयोगांनी दोन-दोन वर्षांची फी एकरकमी घेणाऱ्या क्लासेसनाही लावले.

एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. "ही अटच अन्यायकारक करार म्हणून रद्द करा" अशी मागणी जिल्हा आयोगापुढे करता येत नाही, तो अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाचा आहे. जिल्हा आयोगात तक्रार लिहिताना भर अटीवर न देता सेवेतील त्रुटी, अनुचित प्रथा आणि परताव्याची रक्कम यांवर द्या. अटीवरच सगळा जोर दिला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढतो.

३. कोर्स अर्ध्यात सोडला. किती पैसे मिळायला हवेत?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाची फी त्या प्रमाणात १० दिवसांत परत करावी, आणि क्लासच्याच हॉस्टेलमध्ये राहत असेल तर हॉस्टेल व मेसचे पैसेही त्याच हिशेबाने द्यावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना त्या लागू धरल्या आहेत. पण या राज्यांसाठीच्या सूचना आहेत, केंद्राने केलेला कायदा नव्हे. त्यामुळे "तुम्ही नियम मोडलात, आता दंड भरा" असे ऐकवून उपयोग नाही. "सरकारनेच ठरवलेली वाजवी पद्धत ही आहे" असे मांडा. वाटाघाटीत हे चांगले चालते.

हिशेब असा करायचा. समजा १२ महिन्यांच्या कोर्सची फी ९६,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १७,२८०, म्हणजे एकूण १,१३,२८० भरले. तीन महिने शिकून सोडले. उरलेल्या नऊ महिन्यांचे ७२,००० आणि त्यावरचा जीएसटी १२,९६० धरून मागणी ८४,९६० रुपयांची. क्लास म्हणाला की यातले ९,००० पुस्तकांचे होते आणि ती तुम्ही नेली आहेत, तर शिकवणीचे ८७,००० उरतात. त्यांचे नऊ महिने म्हणजे ६५,२५०, जीएसटीसह ७६,९९५. अर्जात दोन्ही आकडे मांडू नका. पहिला लिहा आणि दुसऱ्यावर तडजोड करायची तयारी ठेवा. पुस्तके कोरी असतील तर ती परत देण्याची तयारीही लिहा.

४. अर्जात नेमके काय लिहायचे?

थोडक्यात लिहा. रागाचे चार परिच्छेद कोणी वाचत नाही. हा मजकूर पुरतो:

"मी दिनांक अमुक रोजी पावती क्रमांक अमुकने तमुक बॅचसाठी इतके रुपये भरले. दिनांक अमुकपासून मी हा कोर्स पुढे चालू ठेवणार नाही. माझी जागा आपण इतर विद्यार्थ्यास देऊ शकता. उरलेल्या इतक्या महिन्यांची फी, त्यावरील जीएसटीसह, एकूण इतके रुपये १५ दिवसांत माझ्या खालील बँक खात्यावर जमा करावेत. आपण काही वजावट करणार असल्यास तिचा तपशील लेखी कळवावा."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. एकदा वजावटीचा तपशील लेखी मागितला की "प्रशासकीय शुल्क" नावाचा मोघम आकडा देणे अवघड जाते. हा मजकूर क्लासच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा, आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. शाखेत जाऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या.

५. मी काउन्सेलर मॅडमना फोनवर सांगितले होते, त्या "बघते" म्हणाल्या. ते धरले जाईल का?

फोन धरला जाईल याच्या भरवशावर राहू नका. काउन्सेलर बदलतात, त्यांचे नंबर बदलतात आणि "बघते" हा शब्द कुठेही नोंदला जात नाही. व्हॉट्सॲपवर बोलणे झाले असेल तर त्याचा उपयोग होतो. त्यातल्या तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढा आणि मूळ चॅट फोनवरून पुसू नका. फोनच झाला असेल तर आजच ई-मेल करा: "दिनांक अमुक रोजी फोनवर झालेल्या बोलण्यानुसार...". इतक्याने जुनी तारीख कागदावर येते, आणि समोरच्याने ती खोडून काढली नाही तर ती तुमच्या बाजूने राहते.

६. पैसे नाही, पण "पुढच्या बॅचला बसा" म्हणतात. मान्य करावे का?

तुम्हाला खरोखर शिकायचे असेल तर जरूर करा, त्रास वाचतो. पण नवीन बॅचची तारीख, तेच शिक्षक आहेत का, आणि तीही बॅच झाली नाही तर पैसे परत, या गोष्टी लेखी घ्या. नको असेल तर स्पष्ट नकार कळवा. गप्प राहिलात तर तुम्ही बदली मान्य केली असा अर्थ काढला जातो. घरातल्या दुसऱ्या मुलाच्या नावावर फी वळवून देण्याचा प्रस्तावही येतो. धाकट्याला तोच क्लास लावायचा असेल तर तो सौदा वाईट नाही.

७. आजारपणामुळे चुकला. डॉक्टरांचे सर्टिफिकेट दिले तर पूर्ण फी मिळते का?

सर्टिफिकेटने सहानुभूती मिळते, हिशेब बदलत नाही. आजारपण ही क्लासची चूक नसल्याने झालेल्या तासांचे पैसे मागता येत नाहीत. मागायचे ते उरलेल्या काळाचेच, प्रश्न ३ प्रमाणे. सर्टिफिकेटचा खरा उपयोग कळवायला उशीर झाला तर होतो. दवाखान्यात दाखल असल्याने महिनाभर मेल करता आला नाही, हे त्यावरून सिद्ध होते. विद्यार्थ्याचा मृत्यू झाला असेल तर कायदेशीर वारस तक्रार करू शकतात.

८. एका दिवसाच्या कार्यशाळेची फी भरली, गाडी चुकली, पोहोचलोच नाही. काय मिळेल?

बहुधा काही नाही, आणि खरे सांगायचे तर मागूही नये. हॉल, जेवण, वक्त्याचे मानधन हे सगळे तुमची खुर्ची धरून ठरलेले असते. आयोजकाला विनंती करून रेकॉर्डिंग किंवा पुढच्या कार्यशाळेत जागा मिळाली तर घ्या. आठवडाभर आधी रद्द केले असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रश्न १ चे उत्तर लागू.

९. मी चुकवला नाही, क्लासनेच बॅच पुढे ढकलली, नंतर शाखाच बंद केली.

मग वजावटीचा प्रश्नच नाही. न दिलेल्या सेवेचे पूर्ण पैसे, आणि दुसरीकडे जास्त फी भरावी लागली तर त्या फरकासाठी भरपाईही मागता येते. जाहिरातीत नाव असलेले शिक्षक बदलले, ऑफलाइन म्हणून घेतलेला वर्ग ऑनलाइन केला, वेळ रात्री नऊवर नेली, हेही याच प्रकारात मोडते. मूळ जाहिरात, माहितीपत्रक आणि बदल कळवणारा मेसेज जपून ठेवा. जाहिरात फसवी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रासाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेता येतो.

शाखा बंद होते आहे अशी कुणकुण लागली तर एकेकट्याने थांबू नका. पालकांनी एकत्र येऊन, पण प्रत्येकाने आपल्या नावाने, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी (प्रश्न १४). २०२५ च्या सुरुवातीला केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जाहीर केले की हेल्पलाइनमार्फत ६०० हून जास्त विद्यार्थ्यांना १.५६ कोटी रुपये परत मिळाले. नागरी सेवा आणि इंजिनिअरिंग प्रवेशाच्या क्लासेसचे विद्यार्थीही त्यात होते.

१०. ऑनलाइन कोर्स घेतला, एकही व्हिडिओ उघडला नाही. ॲप म्हणते सात दिवस उलटले.

ॲपवर छापलेली परताव्याची मुदत आधी पाहा. मुदतीत असाल तर ॲपमधूनच अर्ज करा आणि तिकीट क्रमांक टिपून घ्या. मुदत उलटली असली तरी तुम्ही किती पाहिले याची नोंद कंपनीकडे असते. "माझ्या खात्यातील वापराचा तपशील द्या" असे लेखी मागा. शून्य मिनिटे पाहिल्याचा तिचाच पुरावा तुमच्या कामी येतो.

ई-कॉमर्स नियम २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. त्याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे: कंपनी स्वतः रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, ते रद्दीकरणाचे शुल्क ग्राहकावर लादता येत नाही. रद्द करायचे बटण शोधूनही सापडत नसेल किंवा वर्गणी आपोआप पुढे चालू होत असेल, तर तो "डार्क पॅटर्न" ठरू शकतो. त्यावर ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. युपीआय ऑटोपे चालू असेल तर ते आपल्या युपीआय ॲपमधून आधी बंद करा, वाद नंतर घाला.

११. फी हप्त्याने होती. क्लास सोडला, तरी खात्यातून पैसे कापले जातात.

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. "बिनव्याजी हप्ता" म्हणून सांगितलेले प्रकरण पुष्कळदा एखाद्या वित्त कंपनीचे कर्ज असते. वित्त कंपनीने क्लासला पैसे आधीच देऊन टाकलेले असतात आणि तुम्ही देणे लागता ते तिला. हप्ता थांबवला तर सिबिलवर डाग पडतो. म्हणून रागाच्या भरात खात्यातली शिल्लक काढून टाकू नका.

आधी कागद शोधा. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार विचार बदलण्याची मुदत असते, ती किमान एक दिवसाची. कर्जाच्या की फॅक्ट स्टेटमेंटमध्ये, म्हणजे मुख्य अटींच्या कागदात, ती लिहिलेली असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. मुदत गेली असेल तर क्लास आणि वित्त कंपनी दोघांनाही एकाच मेलमध्ये लिहा: कोर्स रद्द केला आहे, क्लासने उरलेली रक्कम थेट कर्जखात्यावर भरावी. वित्त कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा समाधान केले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. ग्राहक आयोगात गेलात तर दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा.

१२. "जीएसटी सरकारजमा झाला, तो परत मिळणार नाही," असे अकाउंट्सवाले सांगतात.

हे अर्धसत्य आहे. सेवा द्यायच्या आधी आगाऊ घेतलेल्या पैशांसाठी रिफंड व्हाउचर, आणि बिल झाले असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद), अशी सोय कायद्यातच आहे. क्रेडिट नोट काढून क्लासला भरलेला कर आपल्या पुढच्या देण्यात वळता करता येतो. त्यासाठी मुदत आहे: ज्या आर्थिक वर्षात बिल झाले ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. मार्च सरण्याच्या आत अर्ज केला तर या मुद्द्यावर वाद उरत नाही.

१३. क्लास दिल्लीचा, मी नाशिकला. फॉर्मवर "सर्व वाद दिल्ली न्यायालयाच्या कक्षेत" असे आहे.

तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करायची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. नाशिकमध्येच दाखल करा. फॉर्मवर "वाद लवादाकडेच न्यावा" असे कलम असले तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात कायम केले.

१४. आयोगात जाण्याआधी काय करावे?

१९१५ वर फोन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते. नोंद केल्यावर तक्रार कंपनीकडे जाते आणि उत्तर तुम्हाला कळते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण मोठे क्लास तिला घाबरतात. गल्लीतला क्लास तिच्याशी जोडलेल्या कंपन्यांच्या यादीत असेलच असे नाही. तिथे एखाद्या ग्राहक संघटनेचे पत्र जास्त चालते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते आहे.

हेल्पलाइनवर नोंद केली म्हणजे प्रश्न १५ मधली दोन वर्षांची मुदत थांबली असे समजू नका.

१५. ग्राहक आयोगात खर्च किती, मुदत किती, वकील लागतो का?

भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. ५० लाखांपर्यंतची प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, मिळेलच असे नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी अशी विनंतीही करता येते.

सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले. पंचेचाळीस दिवस मोजत राहा. पुष्कळ क्लास इथेच गाफील राहतात आणि मग त्यांचे म्हणणे नोंदवूनच घेतले जात नाही. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायद्यात आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ जातो.

"शिक्षण ही सेवा नाही" हा बचाव हमखास येईल, आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा पी. टी. कोशी निकाल दाखवला जाईल. त्यावर उत्तर तयार ठेवा: राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने २० जानेवारी २०२० रोजी मनू सोळंकी प्रकरणात शैक्षणिक संस्था कक्षेबाहेर ठेवल्या, पण कोचिंग सेंटर कक्षेत येतात असे त्याच निकालात सांगितले.

१६. फी कंपनीने भरली होती. प्रशिक्षण चुकले, आता कंपनी माझ्या पगारातून कापणार म्हणते.

क्लासशी व्यवहार कंपनीचा, त्यामुळे परतावा मागायचा तर तिने. तुमचा प्रश्न नियुक्तिपत्रात किंवा बाँडमध्ये काय लिहिले आहे याचा. असे बाँड सरसकट बेकायदा नसतात. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी विजया बँकेच्या प्रकरणात मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. पण चुकलेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पूर्ण वर्षाच्या बाँडची रक्कम मागणे टिकणे कठीण, कारण भरपाई वाजवी असावी लागते. कंपनीकडून प्रत्यक्ष भरलेल्या फीची पावती मागा.

१७. पदवीचा प्रवेश रद्द केला. हेच नियम का?

नाहीत. तिथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे परताव्याचे धोरण लागते. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केल्यास १०० टक्के, त्यानंतर ९०, ८०, ५० असे उतरत जाते आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. आयोग एखाद्या वर्षासाठी वेगळ्या तारखाही जाहीर करतो, त्या वर्षाचे परिपत्रक पाहा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणात परत मागायला फीच नसते. तिथे हजेरी आणि विद्यावेतनाच्या अटी वाचा.

१८. पोहणे, नृत्य, ड्रायव्हिंग यांचे काय?

खेळ, नृत्य, नाट्य हे प्रश्न ३ मधल्या कोचिंग सूचनांच्या बाहेर आहेत, ग्राहक कायद्याच्या बाहेर नाहीत. पैसे देऊन घेतलेली सेवा ती सेवाच. मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी तर मोजमापही तयार आहे: खासगी हलक्या वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि त्यात किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवणे. दहा दिवसांत गुंडाळून "झाला कोर्स" म्हणत असतील तर तासांची नोंदवही दाखवायला सांगा.

१९. रोख भरली, पावती नाही.

क्लासकडे शेवटचे एकदा जाण्याआधी जे आहे ते गोळा करा: त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची नोंद, "फी मिळाली" असा मेसेज, ओळखपत्र, हजेरीचे ॲप, बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये तुम्हाला जोडल्याची तारीख. मग ई-मेलवर डुप्लिकेट पावती मागा, परताव्याचे नाव काढू नका. पावती देताना क्लास सहसा खळखळ करत नाही.

२०. मुलगी १७ वर्षांची आहे. तक्रार कोणाच्या नावाने?

आई किंवा वडिलांनी पालक म्हणून करायची. पावती मुलीच्या नावाची असली तरी चालते.

२१. "अर्धे घ्या आणि पूर्ण व अंतिम समझोता म्हणून सही करा" असे म्हणतात. आधी अर्धे घेऊन बाकीच्यासाठी नंतर भांडता येईल का?

त्या कागदावर सही केलीत तर नंतरचे भांडण जवळजवळ हरल्यात जमा. दबाव टाकून सही घेतली हे सिद्ध करायची जबाबदारी मग तुमच्यावर येते. दोन वाटा आहेत. रक्कम तुमच्या हिशेबाच्या जवळपास असेल तर सही करून मोकळे व्हा. तीस-चाळीस हजारांसाठी वर्ष-दीड वर्ष तारखा घालणे सगळ्यांना परवडत नाही. रक्कम फारच कमी असेल तर सहीखाली "अंशतः परतावा मिळाला, उर्वरित रकमेवरील हक्क राखून" असे स्वतःच्या हाताने लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढा. ते लिहू देत नसतील तर कागद टेबलावर ठेवून उठा, आणि झालेला प्रकार त्याच संध्याकाळी त्यांना मेल करा. पुढच्या तारखेचा चेक देत असतील तर चेक वटल्याशिवाय समझोता लागू होणार नाही, ही ओळ कागदावर असू द्या.